फळी, पाट आणि बोर्ड

महामार्गाने जाताना गावाच्या वेशीवर एक पाटी हमखास दिसते : ‘लॉजिंग अँड बोर्डिंग’. यातल्या लॉजिंगचा अर्थ काय आणि बोर्डिंगचा काय, असे मी अनेकांना विचारून पाहिले आहे. लॉजिंग म्हणजे मुक्काम, हे बहुतेकांना सांगता येते. बोर्डिंगपाशी गाडी अडते. कोणी म्हणते, तेही राहणेच. कोणी म्हणते, लॉजिंग एका रात्रीचे आणि बोर्डिंग महिन्याचे. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विमानाच्या बोर्डिंग पासवरून ‘आत चढणे’ असा अर्थ लावला, आणि त्याचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. पण पाटीवरच्या शब्दाचा अर्थ साधा आहे. बोर्डिंग म्हणजे जेवण.

ही पाटी ज्या फळीवर रंगवलेली असते तिलाही आपण बोर्डच म्हणतो. मग फळी आणि जेवण यांचा संबंध काय? आणि दहावी-बारावीच्या मुलांना धडकी भरवणारे जे बोर्ड, त्याचा या दोहोंशी संबंध काय? इंग्रजीत साध्या शब्दांना अर्थाचे घोस लागतात हे खरे, पण ते उगाच लागत नाहीत. प्रत्येक अर्थामागे कोणीतरी एखादी वस्तू वापरत असते. बोर्ड या शब्दाच्या मागे एक लाकडी फळी आहे, आणि त्या फळीभोवती कोण बसले, कोणाला बसू दिले नाही, याची मोठी कथा आहे.

आधी आपल्याकडची यादी पाहू. विद्यार्थ्याला बोर्ड म्हणजे निकाल लावणारी संस्था. दुकानदाराला बोर्ड म्हणजे नावाची पाटी. वायरमनला बोर्ड म्हणजे बटणांची चौकट. मुंबई उच्च न्यायालयातला वकील बोर्ड म्हणतो तेव्हा त्याला त्या दिवशी सुनावणीस लागलेल्या प्रकरणांची यादी अभिप्रेत असते. तमाशाच्या फडात बोर्डावर उभे राहणे म्हणजे रंगमंचावर उभे राहणे. इंग्रजीतही नट फळ्या तुडवतो, त्या याच. मराठी कानाने यात एक गंमत केली आहे. दुकानाचा बोर्ड पुल्लिंगी, ‘तो बोर्ड लावला’. संस्था असेल तर मात्र ‘ते बोर्ड बरखास्त केले’. म्हणजे शब्द एकच आला, पण आपण त्याचे लिंग बदलून दोन शब्द करून टाकले.

नॉर्मन लोक १०६६ साली इंग्लंडात उतरण्यापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘बोर्द’ असा शब्द होता. अर्थ फळी, तासलेले लाकूड. त्या काळच्या वीरकाव्यांत हाच शब्द ढालीसाठीही येतो, कारण ढाल लाकडी फळ्यांची असे. संस्कृतातल्या ‘फलक’ शब्दाचेही असेच आहे : फलक म्हणजे फळी आणि फलक म्हणजे ढालही. हे दोन शब्द एका मुळाचे नाहीत. दोन्हीकडे ढाल लाकडाची होती आणि माणसांना तेच सुचले, एवढेच. या फलकापासूनच आपली फळी आली आणि शाळेतला फळाही आला.

जुन्या इंग्रजीत याच उच्चाराचा आणखी एक शब्द होता. त्याचा अर्थ कडा, काठ, विशेषतः जहाजाची बाजू. सरहद्दीला इंग्रजीत बॉर्डर म्हणतात तो शब्द याच घराण्यातला, फ्रेंचमधून फिरून आलेला. कडेचा बोर्ड आणि फळीचा बोर्ड फार लवकर एकमेकांत मिसळले, कारण जहाजाची कड फळ्यांचीच होती. ‘ऑन बोर्ड’, ‘ओव्हरबोर्ड’ हे प्रयोग या जहाजी शाखेचे. शत्रूच्या जहाजाला बाजूने भिडून त्यावर उडी घेणे म्हणजे बोर्ड करणे. तीच क्रिया पुढे शांतपणे तिकीट दाखवून आगगाडीत आणि विमानात चढण्यासाठी वापरात आली. त्या कॉलेजकुमाराचा तर्क इथून आला होता.

खलाशांच्या बोलीत जहाजाची उजवी बाजू म्हणजे स्टारबोर्ड. त्याचा ताऱ्यांशी काही संबंध नाही. जुन्या जहाजांना मागे मध्यभागी सुकाणू नसे. मागच्या बाजूला उजवीकडे एक मोठे वल्हे लावून जहाज वळवीत, कारण बहुतेक माणसे उजव्या हाताची. वळवण्याची बाजू ती ‘स्टिअर’बोर्ड, तिचे झाले स्टारबोर्ड. डाव्या बाजूचे नाव बदलत बदलत लारबोर्ड झाले आणि घोटाळा झाला. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड ऐकू सारखेच येणार! अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड हद्दपार केला आणि डाव्या बाजूला ‘पोर्ट’ म्हणायचे ठरवले. शब्दाचे कान सरकारी आदेशाने पिळल्याची उदाहरणे बरीच आहेत, त्यातले हे एक शहाणपणाचे.

आता जेवणाकडे वळू. मध्ययुगीन इंग्लंडातल्या सरदाराच्या वाड्यात एक मोठे दालन असे. जेवायची वेळ झाली की लाकडी घोड्या मांडायच्या, त्यांवर लांब फळ्या टाकायच्या, वर कापड घालायचे. जेवण झाले की सगळे उचलून भिंतीला लावायचे आणि त्याच दालनात माणसे झोपायची. म्हणजे आज आपण ज्याला टेबल म्हणतो ते कायमचे फर्निचर नव्हते, ती फळी होती. तिचे नाव बोर्डच. आणि फळी मांडली म्हणजे जेवण मांडले, म्हणून जेवणाचेही नाव बोर्ड. पुढे पैसे घेऊन रोज जेवू घालणे म्हणजे बोर्डिंग, तसा जेवणारा तो बोर्डर, आणि मुलांना जेवूखाऊ घालून ठेवून घेणारी शाळा ती बोर्डिंग स्कूल. नोकराला घरात जेवण न देता त्याबदली रोख रक्कम दिली तर तिला ‘बोर्ड वेजेस’ म्हणत. हा शब्द वाचकांनी जरा लक्षात ठेवावा.

ज्या फळीवर पेले आणि भांडी मांडून ठेवीत ती कपबोर्ड. आधी ती उघडी असे, दारे नंतर लागली. आपले कपाट या कपबोर्डवरून आले असे ठामपणे सांगणारे लोक मला भेटले आहेत. तसे नाही. कपाट हा जुना संस्कृत शब्द, त्याचा अर्थ दाराची फळी. बद्रीनाथचे कपाट उघडल्याची बातमी दरवर्षी येते ती याच अर्थाने. उच्चार जवळचे आहेत आणि वस्तू तीच आहे, पण प्रवास उलटे. कपबोर्ड ही फळी होती, तिला मागाहून दार मिळाले. कपाट हे दारच होते, त्याच्या मागे मागाहून फळ्या आल्या.

इंग्लंडातल्या धर्मन्यायालयांत नवराबायकोला वेगळे राहण्याची परवानगी मिळे, पण पुनर्विवाहाची नाही. त्या निवाड्याला ‘शय्या आणि बोर्ड’ यांपासूनची फारकत म्हणत. लॅटिनमधल्या मूळ शब्दप्रयोगात इथे बोर्डच्या जागी ‘मेन्सा’, म्हणजे टेबल, आहे. १८५७ च्या कायद्याने हे प्रकरण धर्मन्यायालयांकडून काढून घेतले आणि त्याला न्यायिक विभक्तता हे नाव दिले. शय्या आणि बोर्ड ही जोडी वाचताना मराठी माणसाला ‘रोटी-बेटी व्यवहार’ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे एका जोडप्याचा प्रश्न होता, इथे जातीजातींचा. पण नाते मोजायची मापे तीच दोन : कोणाबरोबर जेवायचे आणि कोणाशी लग्न करायचे.

जेवणाच्या फळीवरच पत्तेही चालत. हात फळीच्या वर दिसत असतील तर खेळ चोख. खाली गेले की पाने बदलली जात असल्याचा संशय. म्हणून ‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे सचोटीचा, उघड व्यवहार. डॉक्टर जॉन्सननेही १७५५ च्या आपल्या कोशात या शब्दाचे मूळ जुगाऱ्यांच्या टेबलाशीच नेऊन ठेवले आहे.

जेवण आटोपल्यावर त्याच फळीवर हिशेब होत आणि त्याच फळीभोवती मसलत होई. त्यामुळे फळीभोवती बसणाऱ्या माणसांनाही बोर्ड म्हणू लागले. इंग्लंडच्या राजवाड्याचा खर्च तपासणाऱ्या मंडळाचे नाव होते ‘बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ’, कारण त्यांच्या टेबलावर हिरवे कापड अंथरलेले असे. समुद्रावर रेखांश कसा काढायचा याची उकल करणाऱ्याला बक्षीस देण्यासाठी १७१४ साली नेमलेले मंडळही बोर्डच. १७८४ च्या पिट्स इंडिया ॲक्टने ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर लंडनमधून देखरेख ठेवायला एक मंडळ बसवले, त्याचे नाव ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’. सहा माणसांच्या त्या टेबलावरून हिंदुस्थानच्या भवितव्याचे कागद फिरले. आज ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ हे शब्द ऐकले की आपल्याला १९२८ साली स्थापन झालेली क्रिकेटची संस्थाच आठवते. दोन्हींच्या कामांत काहीही साम्य नाही, असे म्हणून पुढे जाऊ.

बसायच्या, मांडायच्या वस्तूंनी सत्तेला नाव देण्याची खोड एकट्या बोर्डची नाही. न्यायाधीशाच्या बाकावरून बेंच आला, आपणही खंडपीठ म्हणतो. पोर्तुगीजांत टेबलाला ‘मेझा’ म्हणतात आणि त्यांच्या राजाने १५३२ साली स्थापलेल्या एका मोठ्या सल्लागार मंडळाच्या नावातही हाच मेझा आहे. पण या सगळ्यांत मला सर्वांत लोभस वाटतो तो दिवाण. फारसीतला हा शब्द आधी नोंदवहीचा. मग नोंदवह्या जिथे ठेवतात त्या कचेरीचा, मग तिथे बसणाऱ्या दरबाराचा. आपल्याकडे दिवाण हा राज्याचा कारभारी झाला, दिवाणी दावे झाले, दिवाणखाना झाला. आणि कचेरीत भिंतीलगत बसायची जी लांब बैठक असे तिलाही तेच नाव मिळाले. आज फर्निचरच्या दुकानात दिवाण मागितला तर खाली गाद्या ठेवायची पेटी असलेला पलंग मिळतो. बोर्ड फर्निचरापासून निघून सत्तेपर्यंत गेला. दिवाण सत्तेवरून निघून फर्निचरात आला.

हे बोर्ड आपल्याकडे रुजले ते स्थानिक कारभारातून. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्ड कायदा झाला. तालुका आणि जिल्हा पातळीवर लोकल बोर्डे आली, रस्ते, दवाखाने, शाळा त्यांच्याकडे गेल्या. आमच्या आधीच्या पिढीची माणसे ‘लोकल बोर्डाच्या शाळेत शिकलो’ असे सांगत. इंग्लंडातही १८७० च्या शिक्षण कायद्याने निवडून दिलेली स्कूल बोर्डे आली होती आणि गरिबांची मुले ‘बोर्ड स्कूल’मध्ये शिकत होती. त्यात एक गोष्ट मोलाची होती : पार्लमेंटसाठी मत देऊ न शकणाऱ्या बायका स्कूल बोर्डावर निवडून येऊ शकत, आणि लंडनमध्ये पहिल्याच वर्षी दोघी आल्या. पुरुषांनी त्यांना मोठ्या टेबलावर जागा दिली नाही, या टेबलावर दिली. आपली लोकल बोर्डे १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा आल्यावर गेली.

सरकारी मराठीने बोर्डसाठी ‘मंडळ’ हा शब्द घेतला. मंडळ म्हणजे वर्तुळ. इंग्रजांची सत्ता टेबलाभोवती बसते, आपली गोल करून. हे भाषांतर चूक नाही, उलट प्रामाणिक आहे, कारण आपल्याकडे सत्तेला टेबल नव्हते. तिला गादी होती, मसनद होती, लोड-तक्के होते. आणि जेवायलाही टेबल नव्हते. जेवायला पाट होता.

इथे थोडे थांबायला हवे. पाटही फळीच. पण इंग्रजांची फळी लांब आणि सामाईक, आपला पाट एकेकाचा. लांब फळीवर सगळे समान होते असे मात्र कोणी समजू नये. धनी दालनाच्या टोकाला उंचवट्यावर बसे, आणि मिठाच्या पात्राच्या कोणत्या बाजूला बसायचे यावरून माणसाची पायरी कळे. तरीही नोकराचे ताट आणि धन्याचे ताट एका छताखाली मांडले जाई. पाटाची सोय अशी की तो उचलून वेगळा मांडता येतो. ओळ वेगळी करता येते, खोली वेगळी करता येते, काहींसाठी मांडलाच नाही तरी चालते.

गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाची आपल्याकडची जुनी व्यवस्था म्हणजे माधुकरी किंवा वार लावून जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पुण्याच्या विद्येच्या इतिहासात वारांवर शिकलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हालांविषयी आपल्या साहित्यात आदराने लिहिलेले आहे. तो आदर रास्त आहे. पण वार लागायला आधी पाट मांडला जावा लागतो. कुणब्याच्या, मुसलमानाच्या, महाराच्या मुलाला शहरात वार कोण लावणार? शाळा उघडली, फी माफ केली, तरी तो मुलगा जेवणार कुठे हा प्रश्न उरतोच.

छत्रपती शाहू महाराजांनी हा प्रश्न बरोबर ओळखला होता. कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली गव्हर्नरच्या मुलीच्या नावाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशी आणखी निघत गेली, इतकी की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. जातवार बोर्डिंगे काढण्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. मला ती टीका अर्धीच पटते. एकत्र पंगतीला बसायला जे तयार नव्हते त्यांची मुले तोवर उपाशी ठेवायची होती काय? महाराजांनी आधी बोर्ड मांडले, एकच लांब फळी नंतर होईल या भरवशावर.

ती फळी एकाने लगेच मांडायला घेतली. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यावे असे त्यांना सांगण्यात आले, त्यांनी नकार दिला आणि त्यांचे तिथले वास्तव्य संपले. ही हकीगत त्यांच्या चरित्रांत आहे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. मुलेच दळत, स्वयंपाक करीत, वाढीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले : छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. बोर्डिंगात शिधा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही. दागिने मोडून त्यांनी घेतले ते धान्य, हे इथे महत्त्वाचे. बोर्डिंगचा मूळ अर्थ कोशात पाहायची त्यांना गरज नव्हती.

साताऱ्यात हे चालू असतानाच, १९२५ साली, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. जुनी माणसे अशा जागांना वसतिगृह म्हणत नसत. ती म्हणत, ‘मी बोर्डिंगात होतो.’ या वाक्यात दोन वेळच्या भाकरीची खात्री असे. पुढे कागदोपत्री सगळीकडे वसतिगृह हा शब्द आला. वसती म्हणजे मुक्काम. म्हणजे आपण लॉजिंगचे भाषांतर केले आणि बोर्डिंग भाषांतरात गळाले. शब्द शुद्ध झाला, त्यातले ताट गेले. सरकारी वसतिगृहांत जेवण मिळते, मेस असते, हे मान्य. पण शब्दाने हक्क सांगितला नाही की तो मागावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

आता ते बोर्ड वेजेस, म्हणजे जेवणाऐवजी द्यायची रोख रक्कम. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शिकणाऱ्या मुलासाठी वर्षाला साठ हजार रुपये ठरले होते. त्यांत ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. बोर्ड आणि लॉजिंग इथे पुन्हा वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले गेले, आणि भोजनाचा आकडा निवासाच्या आकड्यापेक्षा मोठा धरला गेला हे योग्यच झाले. ३२,००० ला बाराने भागले तर महिन्याला २,६६७ रुपये येतात. पुण्यातल्या कोणत्याही खानावळीचे दोन वेळच्या जेवणाचे मासिक दरपत्रक शेजारी ठेवून हा आकडा वाचावा. ते दरपत्रक बहुधा गल्ल्यामागच्या भिंतीवर, एका बोर्डावरच लिहिलेले असते.